कोणता ग्राहक खरोखर नफा देतो? काजूगर उद्योगाच्या उदाहरणातून क्रियाधारित परिव्यय

एखाद्या ग्राहकाच्या खात्यावर वर्षाला वीस लाखांची विक्री आणि बावीस टक्के ढोबळ नफा (विक्रीतून मालाची किंमत वजा जाता उरणारी रक्कम) दिसत असेल, तर तो आपला उत्तम ग्राहक आहे असे बहुतेक लघुउद्योजक मानतात. त्या समजुतीवरच त्याला जास्त उधारी दिली जाते आणि त्याच्या फोनवर हातातले काम बाजूला ठेवून गाडी पाठवली जाते. गोव्यातील डिचोली, सत्तरी आणि फोंडा या तालुक्यांतील लहान कारखान्यांचे हिशेब अनेक वर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, ग्राहकाने आपल्याला काय दिले हे बिलावरून कळते. पण त्याने आपल्याकडून किती काम करून घेतले हे कोणत्याही खतावणीत लिहिलेले नसते. ते काम मोजण्याची रीत म्हणजे क्रियाधारित परिव्यय, म्हणजेच अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग.

१९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी अमेरिकेत ही पद्धत मांडली. तिचे मूळ तत्त्व असे की, खर्च विक्रीमुळे निर्माण होत नाही. तो कामांमुळे निर्माण होतो आणि कामे ग्राहकाच्या मागण्यांमुळे निर्माण होतात. म्हणून कार्यालय, पॅकिंग आणि वाहतूक यांचा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटू नये, ज्याने जितके काम लावले त्याच्या नावे तितका टाकावा. पहिल्या काळातील पद्धत मात्र फार जड होती, कारण प्रत्येक कर्मचाऱ्याला तुमचा किती टक्के वेळ कशात जातो हे पुन्हा पुन्हा विचारावे लागे. २००४ मध्ये कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी वेळेवर आधारलेले सोपे रूप पुढे आणले, ज्यात प्रत्येक विभागाचा दर मिनिटाचा खर्च आणि प्रत्येक कामाला लागणारी मिनिटे एवढ्या दोनच गोष्टी लागतात. दहा-पंधरा माणसांच्या उद्योगाला हेच रूप झेपते, म्हणून पुढील सर्व विवेचन त्याच रूपाला धरून केले आहे.

उदाहरणासाठी डिचोली तालुक्यातील काजूगर तयार करणारा एक लहान कारखाना कल्पनेने घेऊ. पुढचे सर्व आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. बी भाजणे, फोडणे, सोलणे आणि प्रतवारी यांचा खर्च मालाच्या किमतीत आधीच धरलेला आहे असे मानू, कारण तो मालाचा खर्च आहे. आपल्याला शोधायचा आहे तो प्रतवारी झालेला काजूगर कारखान्यातून निघून त्याचे पैसे बँकेत जमा होईपर्यंतचा खर्च.

आधी ढोबळ नफा शुद्ध करून घ्या

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकवार विक्री काढली की काम झाले असे वाटते, पण ती विक्री अनेकदा फुगलेली असते. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट, हंगामाच्या शेवटी दिलेली सूट, नमुना म्हणून दिलेली पाकिटे आणि हिशेब मिटवताना सोडून दिलेली रक्कम हे सर्व त्या त्या ग्राहकाच्या नावे वजा करावे. त्याचप्रमाणे अख्ख्या डब्ल्यू २४० प्रतीचा काजूगर घेणारा आणि तुकडा घेणारा यांच्या मालाची किंमत एकाच सरासरीने धरू नये. ही पायरी कंटाळवाणी असली तरी ती चुकली तर पुढचे सर्व गणित चुकते.

मिनिटाचा दर

खर्चाचे विभाग फार पाडू नयेत. आपल्या कारखान्याला तीन पुरेत: कार्यालय, पॅकिंग आणि गाडी.

कार्यालयात दोन कर्मचारी आहेत. त्यांचा पगार, बोनस, फोन, संगणक आणि जागेचा वाटा मिळून वर्षाचा खर्च ५,७६,००० रुपये होतो. वर्षाचे ३०० कामाचे दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर दोघांचे मिळून ४,८०० तास होतात. जेवण, चहा, रजा आणि वाट पाहण्यात जाणारा वेळ वगळून त्यातले ८० टक्के तास प्रत्यक्ष कामाचे मानावेत, म्हणजे ३,८४० तास, अर्थात २,३०,४०० मिनिटे. खर्चाला मिनिटांनी भागले की दर मिनिटाला अडीच रुपये येतात.

पॅकिंगला चार महिला आहेत. त्यांचे वेतन, सीलिंग यंत्र, वीज आणि जागा यांचा खर्च ९,२१,६०० रुपये आहे. त्याच रीतीने ४,६०,८०० मिनिटे निघतात आणि दर दोन रुपये येतो. एकच टेंपो असून चालक, मदतनीस, विमा, कर्जाचा हप्ता आणि देखभाल यांसाठी ८,०६,४०० रुपये जातात. उपलब्ध मिनिटे १,१५,२०० आणि दर सात रुपये. डिझेल मात्र वेळेवर नव्हे, अंतरावर अवलंबून असते, म्हणून ते किलोमीटरला नऊ रुपये असे वेगळे धरू.

येथे एक काटेकोर भेद सांभाळावा लागतो. भागाकार उपलब्ध क्षमतेने करायचा असतो, प्रत्यक्ष वापरलेल्या मिनिटांनी नव्हे. गोव्यात हा भेद इतका महत्त्वाचा का ठरतो ते पुढे येईलच.

काम किती मिनिटांचे, हे टेबलाजवळ बसून विचारा

मिनिटे मोजण्यासाठी सॉफ्टवेअर किंवा घड्याळ घेऊन उभे राहण्याची आवश्यकता नाही. हंगामातील दोन आठवडे आणि पावसाळ्यातील एक आठवडा साधी वही ठेवावी आणि तिच्यात ऑर्डरचा क्रमांक, ग्राहक, काम सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ एवढेच लिहावे. पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या महिलांशी त्यांच्या कोकणीतच बोलावे आणि ही नोंद त्यांचा वेग तपासण्यासाठी नसून ग्राहक किती काम लावतो हे कळण्यासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. तसे न सांगितल्यास आकडे सावधपणे लिहिले जातात आणि सावधपणे लिहिलेल्या आकड्यांचा उपयोग नसतो. माझा अनुभव असा आहे की, कोणता ग्राहक त्रासदायक आहे हे या महिलांना आणि टेंपोच्या चालकाला मालकाच्या कितीतरी आधी ठाऊक असते. त्यांना कोणी विचारलेले नसते एवढेच.

सर्व ऑर्डर सारख्या नसल्यामुळे सरासरी वेळ धरण्याऐवजी एक छोटे सूत्र करावे. उदाहरणार्थ, ऑर्डर नोंदवून बिल करायला मूळ दहा मिनिटे, मालाच्या प्रत्येक ओळीला दोन मिनिटे, ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर नंतर बदल कळवल्यास आणखी दहा मिनिटे. गाडीसाठी जाण्यायेण्याचा वेळ, अधिक प्रत्येक दुकानी उतरवून घेण्याचा वेळ, अधिक डिसेंबरात किनारपट्टीवर पार्किंगसाठी लागणारा वेळ. असे सूत्र असले की नवा ग्राहक आला तरी त्याचा अंदाज लगेच बांधता येतो.

तीन ग्राहक, तीन हिशेब

पहिला ग्राहक म्हापशाचा घाऊक व्यापारी. तो वर्षाला २४ लाखांचा माल घेतो, पण दहा किलोच्या डब्यांत आणि कमी भावाने, त्यामुळे ढोबळ नफा फक्त आठ टक्के, म्हणजे १,९२,००० रुपये. त्याच्या वर्षाला २४ ऑर्डर येतात. प्रत्येकीला कार्यालयाची २० मिनिटे, पॅकिंगची ६० मिनिटे, गाडीची १२० मिनिटे आणि ४० किलोमीटर लागतात: ५०, १२०, ८४० आणि ३६० असे १,३७० रुपये. वर्षाचे ३२,८८० झाले. तो पंधरा दिवसांत पैसे देतो. बँकेच्या कर्जाचा दर बारा टक्के धरल्यास त्या उधारीचा खर्च सुमारे ११,८०० रुपये. हातात सुमारे १,४७,००० रुपये राहतात.

दुसरा ग्राहक कळंगुट आणि कांदोळी भागात पर्यटकांसाठी पाच दुकानांची साखळी चालवतो. विक्री २० लाख, ढोबळ नफा २२ टक्के, म्हणजे ४,४०,००० रुपये. कारखान्यात सर्वांचा लाडका तोच. तो शंभर आणि अडीचशे ग्रॅमची पाकिटे त्याच्याच लेबलांसह मागतो आणि वर्षाला १२० वेळा मागतो. प्रत्येक ऑर्डरला कार्यालयाची ३० मिनिटे, पॅकिंगची ३०० मिनिटे, पाचही दुकाने फिरायला गाडीची २१० मिनिटे आणि ७० किलोमीटर: ७५, ६००, १,४७० आणि ६३० मिळून २,७७५ रुपये. वर्षाचे ३,३३,००० रुपये येथेच संपले. महिन्याला चार वेळा माल परत येतो. तो नोंदवणे, पुन्हा बांधणे आणि खराब झालेला माल सोडून देणे यांचे प्रत्येक वेळी ८२० रुपये धरल्यास ३९,३६० रुपये. पैशासाठी वर्षातून साठ वेळा फोन करावा लागतो, त्याचे २,२५० रुपये. उधारी सरासरी ७५ दिवसांची, तिचे व्याज सुमारे ४९,३०० रुपये. सर्व वजा केल्यावर उरतात सुमारे १६,००० रुपये, म्हणजे विक्रीच्या एक टक्क्याहूनही कमी.

तिसरा फोंड्याचा मिठाईवाला. वर्षाला सहा लाखांचा तुकडा काजू घेतो, ढोबळ नफा बारा टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. वर्षातून २६ वेळा स्वतःची गाडी घेऊन येतो आणि पैसे यूपीआयने तिथल्या तिथे देतो. कार्यालयाची दहा आणि पॅकिंगची तीस मिनिटे, म्हणजे दर खेपेला ८५ रुपये आणि वर्षाला २,२१० रुपये. शेवटी ६९,७९० रुपये राहतात. किनाऱ्यावरच्या साखळीच्या एकतृतीयांशाहूनही कमी विक्री असलेला हा ग्राहक तिच्या चौपटीहून जास्त नफा देतो, आणि चतुर्थीच्या आधी त्याचा माल उशिरा दिला तरी तो ओरडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते.

असा निकाल केवळ लहान उद्योगांतच लागतो असे नाही. विजेवर तापणाऱ्या तारा तयार करणाऱ्या कांथाल या स्वीडिश कंपनीने १९८० च्या दशकात ग्राहकवार असाच अभ्यास केला, तेव्हा तिच्या सर्वांत मोठ्या तोट्याच्या ग्राहकांपैकी दोघे विक्रीने पहिल्या तिघांत होते असे आढळले. त्यामागे कारण आहे. लहान ग्राहक फार मोठा तोटा करूच शकत नाही. मोठा तोटा व्हायचा तर भरपूर काम लावावे लागते आणि ते लावण्याची ताकद मोठ्या ग्राहकाकडेच असते.

सर्व ग्राहकांचा हिशेब झाल्यावर त्यांना जास्त नफ्यापासून जास्त तोट्यापर्यंत लावून नफ्याची बेरीज करत जावे आणि आलेख काढावा. रेघ आधी वर चढते, मध्ये सपाट होते आणि शेवटी खाली उतरते. या आकारामुळे तिला देवमाशाच्या पाठीची उपमा दिली जाते. शिखर आणि शेवटचे टोक यांतील अंतर म्हणजे तोट्याच्या ग्राहकांनी खाल्लेला नफा.

पावसाळ्यातील रिकामा टेंपो कोणाच्या खात्यावर?

गोव्यातील बहुतेक हिशेब चुकतात ते या ठिकाणी, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक (हंगामापुरती उभारलेली उपाहारगृहे) उतरवलेले असतात, पर्यटक कमी असतात आणि साखळीची मागणी घसरते. टेंपोचा महिन्याचा खर्च मात्र तोच राहतो, ६७,२०० रुपये. जानेवारीत त्याची महिन्याची ९,६०० मिनिटे पूर्ण वापरली गेली तर दर सात रुपयेच राहतो. जुलैत केवळ ४,८०० मिनिटे वापरली गेली आणि हिशेबनीसाने प्रत्यक्ष वापराने भागले, तर दर चौदा रुपये होतो. मग जुलैत माल घेणारा म्हापशाचा व्यापारी अचानक महाग दिसू लागतो, मालक त्याचा भाव वाढवतो, तो दुसरीकडे जातो आणि उरलेल्यांसाठीचा दर आणखी चढतो. ज्या ग्राहकाने वर्षभर गाडीला काम दिले, त्यालाच शिक्षा होते.

म्हणून दर सातच ठेवावा आणि न वापरलेल्या ४,८०० मिनिटांचे ३३,६०० रुपये वेगळ्या ओळीत दाखवावेत. चारही महिने असे गेले तर ती रक्कम १,३४,४०० रुपये होते. तिचे काय करायचे हा प्रश्न गणिताचा नसून विवेकाचा आहे आणि तो असा सोडवावा: ही क्षमता आपण कोणासाठी राखून ठेवली आहे? टेंपो मुख्यतः हंगामातील किनारी ग्राहकांच्या धावपळीसाठी घेतला असेल, तर त्याचा रिकामेपणा हा त्या गटाचा खर्च आहे आणि तो गटाच्या एकूण हिशेबात, वैयक्तिक ऑर्डरच्या दरात न मिसळता, दाखवला पाहिजे. त्यातला निम्मा वाटा जरी आपल्या साखळीच्या बाजूला आला, तरी तिचा १६,००० रुपयांचा नफा ५१,००० रुपयांच्या तोट्यात बदलतो. उलट पुढे विस्तार करायचा म्हणून मालकाने स्वतःच मोठी गाडी घेतली असेल, तर तो खर्च मालकाच्या निर्णयाचा आहे. तो कोणत्याही ग्राहकाच्या नावे टाकणे अन्यायाचे आहे.

कोणत्याच एका ग्राहकाचे नसलेले इतरही खर्च असतात: अन्न परवान्याचे शुल्क, लेखापरीक्षण, मालकाचे मानधन. ते वाटण्याचा मोह टाळावा. सर्व ग्राहकांच्या नफ्याच्या बेरजेतून ते एकदम वजा करावेत.

निकाल हाती आल्यावर

पहिली प्रतिक्रिया ग्राहक सोडण्याची असते आणि ती बहुधा चुकीची असते. ग्राहक सोडला म्हणून टेंपोचा हप्ता थांबत नाही. त्याने दिलेला ४,४०,००० रुपयांचा ढोबळ नफा मात्र त्याच दिवशी थांबतो. आधी काम बदलावे, मग अटी, आणि भाव सर्वांत शेवटी.

साखळीशी बोलताना तोट्याची तक्रार मांडू नये. कामाचा तक्ता समोर ठेवावा. माल पाच दुकानांऐवजी त्यांच्या एकाच गोदामात उतरवायचा आणि ठरलेल्या वारांनाच पाठवायचा असे ठरले, आणि १२० ऐवजी ७० खेपा झाल्या, असे समजू. एका खेपेला गाडीची १२० मिनिटे आणि ५० किलोमीटर लागतील. पॅकिंग एकूण तेवढेच राहील. एका ऑर्डरचा कार्यालयीन वेळही तोच धरला, तर ३,३३,००० रुपयांचा खर्च १,६७,५५० वर येतो. उधारी ७५ वरून ४५ दिवसांवर आली तर व्याजातही सुमारे १९,७०० रुपये वाचतात आणि ग्राहकाचा नफा दोन लाखांच्या वर जातो.

पण या दोन लाखांकडे नीट पाहावे. त्यातील डिझेलचे ४४,१०० रुपये आणि व्याज ही रोख बचत आहे. उरलेल्यातील मोठा भाग, १,१७,६०० रुपये, हा गाडीच्या मोकळ्या झालेल्या १६,८०० मिनिटांचा, म्हणजे २८० तासांचा आहे. ते तास नव्या ग्राहकासाठी वापरले, किंवा भाड्याने बोलवावी लागणारी दुसरी गाडी बंद केली, तरच ते पैसे होतात. अन्यथा ते रिकाम्या क्षमतेच्या ओळीत जाऊन बसतात आणि वर्षअखेरीस त्यांच्यामुळे बँकेतील शिल्लक काहीच वाढलेली नसते. या पद्धतीवर नंतर येणारा अविश्वास बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने येतो, म्हणून मोकळ्या वेळेचे काय करणार हे वाटाघाटीपूर्वीच लिहून ठेवावे.

उधारीबाबत कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून, मुदतीनंतर दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. त्यामुळे वेळेवर पैसे देण्यात खरेदीदाराचाही फायदा असतो. वाटाघाटीत हा मुद्दा धमकीच्या सुरात न मांडता माहिती म्हणून मांडावा.

माल परत घेण्याची अटही लिहून घ्यावी: सील फाटलेले पाकीट परत घेतले जाईल, न विकले गेलेले नाही. आणि फोंड्याच्या मिठाईवाल्याला विसरू नये. त्याला भावात थोडी सवलत देणे परवडतेच, पण त्याहून उपयोगी म्हणजे चतुर्थीपूर्वीच्या पंधरवड्यात त्याचा माल सर्वांत आधी बाजूला काढून ठेवणे.

पूर्ण हिशेब वर्षातून एकदा मे महिन्याच्या अखेरीस करावा, कारण तेव्हा काजूचा आणि पर्यटनाचा हंगाम दोन्ही सरत आलेले असतात आणि वहीतील नोंदी ताज्या असतात. ग्राहकांशी बोलणी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. ऑक्टोबरात दुकाने पुन्हा भरू लागली की कोणाला बोलायला वेळ नसतो, आणि जुन्या सवयीने आलेली पहिली ऑर्डर स्वीकारली की पुढचे आठ महिने त्याच अटी चालू राहतात.